दिसतं, पण सापडत नाही

मी एक जुनी तक्रार आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. तक्रार म्हटलं की तुम्हाला वर्गातला एखादा चुगलखोर आठवत असेल, पण माझं घराणं वेगळं आहे. मी कुणा माणसाविरुद्ध नाही, एका सॉफ्टवेअरविरुद्ध आहे. सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाला बग म्हणतात, आणि तो बग बनवणाऱ्यांना कळवण्यासाठी जे लिहितात, ती मी. मला हातपाय नाहीत. एक लांबलचक क्रमांक आहे, तो मलाही धड आठवत नाही, आणि एक शीर्षक आहे: ‘दिसतं, पण सापडत नाही’. शीर्षकाचा मात्र मला अभिमान आहे.

माझी एक अडचण आधीच सांगून ठेवते. कुणी मला पडद्यावर उघडलं तरच मला समोरचं दिसतं आणि ऐकू येतं. मिटलं की अंधार. त्यामुळे माझ्या आयुष्याला मध्ये मध्ये भोकं आहेत. जे पाहिलं नाही, ते मी माझ्याच अंगावर लिहिलेल्या मजकुरातून आणि लोकांच्या बोलण्यातून जोडून घेतलं आहे.

माझा जन्म एका रक्तपेढीत झाला. तळमजल्यावरची लांबट खोली, भिंतीला लागून दोन मोठे फ्रीज सतत घुमत असलेले, आणि खिडकीपाशी एक टेबल. त्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंना सगळे नोंदणीताई म्हणायचे. रक्त द्यायला येणाऱ्याचं नाव, फोन आणि रक्तगट ताई संगणकात भरायच्या. ही सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये राहायची. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. कोठार मोठं असल्यामुळे त्याला एक सूचीही असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. कुठलं नाव कुठल्या पानावर, हे सूचीत पाहायचं आणि थेट तिथे जायचं. नाहीतर एका माणसासाठी सगळं पुस्तक चाळावं लागेल.

एके दिवशी एका आजारी मुलीसाठी फार दुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं. रक्तपेढीचे मोठे डॉक्टर स्वतः ताईंच्या टेबलापाशी आले. ताई म्हणाल्या, “आहे ना आपल्याकडे. बेकरीवाला. मागच्या शिबिरात आला होता, बाह्यांना पीठ लागलं होतं त्याच्या.” त्यांनी रक्तगट लिहून शोध घेतला. उत्तर आलं, कुणीही नाही. बेकरीवाल्याचं नाव लिहून पाहिलं, तरी तेच. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तसेच बाहेर धावले आणि दुसऱ्या गावाहून रक्त मागवलं. ते उशिरा आलं, पण आलं, आणि मुलगी वाचली.

इकडे ताईंना चैन पडेना. शोध बाजूला ठेवून त्या सगळी यादीच वरपासून खाली वाचत गेल्या, आणि मध्येच बेकरीवाला भेटला. नाव, फोन, रक्तगट, सगळं जिथल्या तिथे. मग शोधात का येत नाही? त्यांनी ती नोंद उघडली आणि जणू आता तरी पक्की बसावी म्हणून पुन्हा एकदा जतन केली. त्यासरशी शोधातही बेकरीवाला आला. ताई आनंदाने डॉक्टरांना बोलवायला गेल्या, आणि तिथेच घोळ झाला. कारण पुन्हा जतन केल्यामुळे नोंदीवर आजची तारीख पडली होती.

डॉक्टरांनी ती तारीख पाहिली. ते वाईट माणूस नव्हते. पण दुपारभर त्या मुलीच्या आईवडिलांसमोर उभं राहून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं असतं. ते म्हणाले, “ताई, नोंद राहून गेली असेल तर तसं सांगा. पण आत्ता भरून आधीच होती म्हणू नका.”

ताईंनी खूप सांगितलं. सांगितलं तेवढं ते सबबीसारखं वाटत गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर तुम्ही साठ्याच्या खोलीत काम करा, नोंदणीला दुसरं कुणी बसेल.

ताई तडक टेबलाशी आल्या आणि त्यांनी मला लिहायला घेतलं. माझं पहिलं रूप काय सांगू? नुसतं आग्यामोहोळ. ‘तुमचं सॉफ्टवेअर बेकार आहे, माणसं मरायची वेळ आली, तुम्हाला लाज कशी वाटत नाही.’ घटना काय झाली, याचा पत्ता नाही. बरं झालं, ताईंनी ते लगेच पाठवलं नाही. संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात त्यांनी मला फोनवर उघडलं, मिठाच्या बरणीला टेकवलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यांचा नवरा बसचालक. तो भांडी पुसत पुसत ऐकत होता.

“हे वाचून तर मीसुद्धा तुला उत्तर देणार नाही,” तो म्हणाला.

“तू कुणाच्या बाजूने आहेस?”

“तुझ्याच. पण ऐक. डेपोत गाडी परत करताना ‘गाडी नीट चालत नाही’ असं लिहिलं ना, की सकाळी तीच गाडी तशीच मिळते. ‘चढावर तिसऱ्या गिअरमध्ये डावीकडून खडखडते’ असं लिहिलं की मेकॅनिक गुपचूप गाडीखाली झोपतो.”

ताईंनी फोन हातात घेतला. मग त्यांनी माझ्या अंगावरचा सगळा राग पुसून टाकला आणि मला नव्याने लिहिलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. बस. तेव्हाच मला माझं शीर्षक मिळालं. ‘लाज कशी वाटत नाही’ हे वाक्य मला मनातून आवडलं होतं, पण ते गेलं ते बरंच झालं.

मग मी डेटाबेस बनवणाऱ्यांच्या कचेरीत पोहोचले. उंचावरची मोठी खोली, एकच लांब टेबल, आणि टेबलभर पडदे आणि अर्धवट प्यायलेले चहाचे कप. जगभरातून आलेल्या माझ्यासारख्या शेकडो तक्रारी तिथे रांगेत उभ्या. त्यांची छाननी करणारा एक तरुण होता. त्याला तिथे सगळे झारी म्हणायचे, कारण सोनाराच्या राखेतून सोन्याचे कण वेचणाऱ्या झारेकऱ्यासारखं, खरं आणि फोल वेगळं करायचं काम त्याचं. बिचारा दिवसभर तक्रारीच वाचायचा, तरी चेहरा हसरा ठेवायचा. त्याने मला उघडलं, वाचलं, आणि खाली लिहिलं, ‘हे पुन्हा कसं घडवून आणता येईल?’

ताईंना ते कुठे माहीत होतं? ते आपोआप घडलं होतं. त्यांनी तसं प्रामाणिकपणे कळवलं. झारीने ‘पुरेशी माहिती नाही’ असा शेरा मारला आणि मला बंद केलं.

मित्रांनो, बंद तक्रारीचं जगणं काय असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. कुणी दार वाजवत नाही. माझ्या शेजारी एक तक्रार होती, एका बटणाचा निळा रंग फिका आहे अशी. तिच्याखाली लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. कुणाला गडद निळा हवा, कुणाला आभाळी. माझ्याखाली चिटपाखरू नाही. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

पण ताईंनी मला टाकलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी एक नेम धरला. जी नोंद करायची, ती दुसऱ्या दिवशी स्वतः शोधून पाहायची. लोक हसायचे. एक परिचारिका म्हणाली, “ताई, कुलूप लावलं की नाही हे बघायला पुन्हा पुन्हा जिना चढणाऱ्यातल्या तुम्ही.” ताई म्हणाल्या, “असू दे. कुलूप एकदा आपोआप उघडलेलं मी पाहिलंय.”

आणि एका शिबिरानंतर पुन्हा तेच झालं. पोहायला शिकवणाऱ्या एक बाई रक्त देऊन गेल्या होत्या. यादीत त्या होत्या, शोधात नव्हत्या. या वेळी ताईंनी नोंदीला हातही लावला नाही. त्यांनी दोन्ही पडद्यांचे फोटो काढले, त्यांतली नावं आणि फोन झाकले, मला पुन्हा उघडलं आणि फोटो माझ्या अंगावर चिकटवले. अंधारातून मी एकदम उजेडात आले.

झारीने फोटो पाहिले आणि सरसावून बसला. त्याने लिहिलं, ‘तुमच्या डेटाबेसची एक प्रत पाठवा.’ प्रत काढायची एक आज्ञा सॉफ्टवेअरमध्येच असते. ताईंनी ती चालवली. रक्तदात्यांची खरी नावं बाहेर जाता कामा नयेत, म्हणून त्यांनी प्रतीतली सगळी नावं आणि फोन बदलले, आणि ते करताना डोळ्यांत तेल घालून पाहिलं की बाकी काही हलायला नको. प्रत कचेरीत पोहोचली. झारीने ती आपल्या संगणकावर उतरवली आणि शोध घेतला. पोहायला शिकवणाऱ्या बाई ताईंनी दिलेल्या बदललेल्या नावाने एका झटक्यात सापडल्या. त्याने दहा वेगवेगळ्या तऱ्हांनी शोध घेतला, तरी त्या येतच राहिल्या. तो हिरमुसला. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने लिहिलं, ‘आमच्याकडे चालतं. बहुधा वापरणाऱ्याची चूक.’ आणि मी पुन्हा बंद झाले.

हा शेरा ताई वाचत होत्या, तेव्हा मी त्यांच्यासमोर उघडीच होते. त्यांच्या मागे मोठे डॉक्टर उभे होते. त्यांनीही वाचला. ते रागावले नाहीत, हेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

“ताई, बनवणारेही तेच म्हणतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “पुढच्या महिन्यापासून तुम्ही साठ्याच्या खोलीत बसा.”

ताईंनी मान हलवली. डॉक्टर गेल्यावर त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या, म्हणजे माझ्याकडेच. साठ्याच्या खोलीचं त्यांना दुःख नव्हतं, ते कामही काही हलकं नव्हे. पण इतकी वर्षं ज्या जागी त्यांच्या शब्दाला वजन होतं, तिथून त्या आता खोट्या ठरून उठणार होत्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना स्वतःलाच शंका येऊ लागली होती. त्या पुटपुटल्या, “माझंच काही चुकतंय का गं?” त्या मला विचारत होत्या की स्वतःला, कोण जाणे. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

आता माझ्या आयुष्यात आत्या आल्या. त्या कचेरीतल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रामर. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात, आणि सगळी तरुण मंडळी त्यांना आत्याच म्हणायची. त्यांची एक खोड होती. सकाळी कामाला लागण्याआधी त्या टोस्ट खात खात बंद झालेल्या तक्रारी वाचायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, “उघड्या तक्रारींना तुम्ही आहात. या बिचाऱ्यांना कोण आहे?” त्या सकाळी त्यांनी मला उघडलं. टोस्टचा कण माझ्या पडद्यावर पडला. त्यांनी मला वरून खालपर्यंत वाचलं, मग खालून वरपर्यंत, आणि टोस्ट बशीत ठेवून दिला.

“झारी, इकडे ये. या बाईंकडून तू प्रत कशी मागवलीस?”

“नेहमीसारखी. प्रत काढायच्या आज्ञेने.”

“त्या प्रतीत सूची येते का?”

 झारीचे कान लाल झाले. “नाही. माहिती फक्त येते. सूची इथे उतरवल्यावर नव्याने बनते.”

“मग बाईंची सूची फाटलेली आहे, आणि आपण त्यांच्याकडून पुस्तक मागवून सूची इथे नवी कोरी छापून घेतली. वर त्यांनाच सांगितलं की फाटलेलं काही नाही.” आत्यांनी कपाळावर हात मारला. “गेली कित्येक वर्षं आपण सगळ्यांकडून अशाच प्रती मागवतोय.”

अशी चूक तिथेच होऊ शकते, मित्रांनो, जिथे कामाला सफाई असते. प्रत इतकी स्वच्छ निघायची की त्यात रोगच उरत नसे.

त्यांनी लगेच ताईंना फोन लावला. ताईंनी मला समोर उघडून ठेवलं, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू आलं. आत्या आधी चूक कबूल करून मोकळ्या झाल्या. मग म्हणाल्या, “मूळ फाइली जशाच्या तशा पाठवता येतील का?”

“नाही हो. त्यात लोकांची खरी नावं आहेत. ती मी कुणाला देणार नाही.”

“बरोबर आहे तुमचं. मग दुसरं सांगा. ही दोन माणसं तुम्ही भरलीत, तेव्हा शेजारी काय चाललं होतं?”

ताई गोंधळल्या. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. “शेजारी? शिबिर होतं. माझ्या टेबलावर नवीन माणसांची रांग. आणि परिचारिका दुसऱ्या संगणकावर जुनी नावं काढत होती. वयाची मर्यादा उलटलेल्यांची. शिबिराच्या दिवशीच आम्ही ते करतो, सगळी एकत्र असतात म्हणून.”

“म्हणजे तुम्ही भरत होता, तेव्हाच ती पुसत होती?”

“हो. दोन्ही वेळेला.”

 आत्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही मला फार मोठी गोष्ट सांगितलीत.”

त्या दिवशी कचेरीतल्या लांब टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी मांडले गेले. खरी नावं नकोत, म्हणून त्यांनी रक्तदाते म्हणून चक्क भाज्या भरल्या. झारी नवीन भाज्या भरत होता, आत्या जुन्या पुसत होत्या. वांगं भरलं, शोधलं, सापडलं. भेंडी सापडली. गाजर सापडलं. जेवायची वेळ टळून गेली. बघायला जमलेले एकेक करून आपल्या जागी परतले. मी मनात देवाला साकडं घालत होते. आणि झारीने मुळा भरला.

“मुळा सापडत नाही,” तो म्हणाला.

“यादीत बघ.”

“यादीत आहे. आत्या, यादीत आहे, पण सापडत नाही.”

सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. मित्रांनो, काहीतरी मोडलं म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं मी तिथेच पाहिली. कारण मोडतं कसं हे डोळ्यांनी दिसलं की जोडायचं कसं हे कळतं. झालं होतं असं की सूचीचं एक पान भरलं की सॉफ्टवेअर त्याची दोन पानं करतं. नेमकं त्याच क्षणी कुणी त्या पानावरचं जुनं नाव पुसत असेल, तर नवं नाव ना या पानावर जायचं, ना त्या. माणूस कोठारात, पण सूचीतून गायब.

“हा भाग कुणी लिहिला होता?” झारीने विचारलं.

“मीच. तू शाळेत होतास तेव्हा,” आत्या म्हणाल्या. “आता माझंच लेकरू आहे, नाकही मीच पुसणार.”

आणि त्यांनी पुसलं. झारीने ‘वापरणाऱ्याची चूक’ हा शेरा स्वतः काढून टाकला आणि लिहिलं, ‘चूक आमची होती. ताईंनी सांगितलेलं पहिल्या दिवसापासून खरं होतं.’ दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर सगळीकडे रवाना झालं.

ताईंनी हे डॉक्टरांना दाखवायला नेलं नाही. परिचारिकेने परस्पर नेलं. डॉक्टर हातातलं काम टाकून खाली आले. ताई तेव्हा सामान आवरत होत्या, कारण महिना संपत आला होता. खोलीत सगळे होते, मीही ताईंच्या पडद्यावर उघडी होते, आणि डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले.

“त्या दिवशी मी घाबरलो होतो, आणि तुमच्यावर काढलं. मी तुमच्या शेजारी बसून एकदा तरी बघायला हवं होतं. मला माफ करा. हे सामान परत लावा.”

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. इतकंच म्हणाल्या, “मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय.” हे ऐकून डॉक्टरांना माफी मागतानाही वाटली नव्हती एवढी लाज वाटली. त्यांच्या चेहऱ्यावर ती मला स्पष्ट दिसली. काही दिवसांनी परिचारिका म्हणाली, फ्रीजचा काटा मध्येच उडतो. तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “दाखवा बघू.” हे ताईंनीच आत्यांना कळवताना माझ्याखाली लिहिलं आहे.

मला वाटलं, संपली माझी कहाणी. पण खरी गंमत पुढेच होती. दुरुस्ती जाहीर झाल्यावर जगातल्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून लोक माझ्याखाली लिहू लागले. बियाणांच्या दुकानातून, ग्रंथालयातून, वसतिगृहातून. ‘आमच्याकडेही हेच व्हायचं.’ ‘आम्ही आमच्या कारकुनाला बोल लावायचो.’ ‘आम्हाला वाटायचं आमची बाईच विसराळू आहे.’ तेव्हा मला कळलं की त्या एका बगामुळे किती टेबलांशी किती माणसं मान खाली घालून बसली होती. एका दातांच्या दवाखान्याच्या मालकाने लिहिलं, ‘नावं गहाळ होतात म्हणून मी आमच्या स्वागतकक्षातल्या माणसाला कामावरून काढलं. तो शेवटपर्यंत सांगत होता की नावं भरली आहेत. आज त्याच्या घरी जातो आहे.’

पुढे बरेच दिवस त्याखाली काही आलं नाही. मग एका सकाळी कुणीतरी मला उघडलं. समोर एक अनोळखी, प्रौढ गृहस्थ होते, नव्याने दाढी केलेले. माझ्यावरचा सगळा मजकूर त्यांनी सावकाश वाचला आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘मी दवाखान्यात कामावर परत आलो आहे. ज्या ताईंनी हे लिहिलं, त्यांना माझा नमस्कार सांगा.’

मित्रांनो, तुमच्याकडेही कधी कुणी तक्रार घेऊन येईल. ती नीट मांडलेली नसेल, थोडी रागावलेलीही असेल. तिला झटक्यात मिटू नका. जे घडलं ते त्या माणसाच्या जागेवर जाऊन, त्याच्या शेजारी बसून बघा. आणि तक्रार तुमचीच असेल, तर जे झालं ते झालं तसंच सांगा, आणि कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. कारण तुम्ही जे सांगताय, ते कदाचित तुमच्या एकट्याचं नसतं. कुठेतरी दूर एखादा माणूस आपल्या घरी रिकामा बसलेला असतो, आणि आपलंच चुकलं असेल का, असं स्वतःला विचारत असतो. त्याला तुमचं नावही माहीत नसतं, पण त्याची सुटका तुमच्याच हातात असते.